ज्यांना सभेला येता येत नाही, त्यांना आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या नायगाव-परळ भागात एक संस्था ज्येष्ठांसाठी दिवसाचं केंद्र आणि घरभेटीची सेवा सुरू करते आहे. एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी दोन वर्षांसाठी मिळाला आहे. निधीची अट अशी, की आराखडा ठरवताना ज्येष्ठांना आणि घरी त्यांचं करणाऱ्या माणसांना सामील करून घ्यायचं. संस्थेनं शनिवारी संध्याकाळी सभा बोलावली. हॉल भरला, पण बोलले सहा-सात जण, सगळे निवृत्त पुरुष. कॅरम, वाचनालय, सहल अशा मागण्या आल्या. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे अशी एकही बाई आली नाही. आता पुढे कसं जायचं?

मी आधी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते, नंतर बरीच वर्षं वस्तीत काम केलं, बहुतेक गिरणगावात. त्या अनुभवावरून सांगते.

सभेत आलेल्या मागण्या हलक्या समजू नका. चालत्याफिरत्या माणसाला चार जणांत बसायला जागा हवी असते, ती गरज खरीच आहे. पण तुमची सेवा ज्यांना सगळ्यात जास्त लागणार आहे ती माणसं त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर पडून होती आणि त्यांचं करणारी त्यांच्या उशाशी होती. दुसरी सभा घेतली, मोठा बॅनर लावला, चहाबरोबर वडापाव ठेवला, तरी ती येणार नाहीत. त्यांच्याकडे तुम्हालाच जावं लागेल, आणि तेही त्यांच्या वेळेला.

यात नवीन काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली तेव्हा जगातल्या ३३ शहरांत गटचर्चा झाल्या. आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर त्यात होती. तिथे ६० ते ७४ वयाचे आणि ७५च्या पुढचे असे गट वेगळे केले होते, उत्पन्नाप्रमाणेही वेगळे केले होते आणि काळजी घेणाऱ्यांचा एक स्वतंत्र गट ठेवला होता. जे आजारपणामुळे चर्चेला येऊच शकत नाहीत, त्यांचं निदान त्यांच्या माणसांकडून कळावं, हा त्यामागचा विचार. तुमच्या सभेत असे गट नव्हते, आलेले सगळे एकाच हॉलमध्ये होते, म्हणून ज्याला माइकची सवय तो बोलला.

आता वेळेचं. चाळीत घरी रुग्ण असलेल्या बाईचा दिवस पाण्याच्या वेळेला बांधलेला असतो. पाणी भरून झालं की डबे, मग रुग्णाचं तोंड धुवायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची, गोळ्या द्यायच्या, भरवायचं. दुपारी जेवण होऊन रुग्णाचा डोळा लागला की अडीच ते चारच्या दरम्यान तिला जरा सवड मिळते. त्यातला एक तास तुम्ही मागणार असाल तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं. आम्ही एक साधी सोय केली होती. बैठकीच्या दिवशी एक प्रशिक्षित मावशी रुग्णाजवळ बसायची आणि घरची बाई खालच्या मजल्यावर, शेजारणीच्या खोलीत बैठकीला यायची. खालच्याच मजल्यावर, म्हणजे हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. पहिल्या वेळी तिला लांब नेलंत तर तिचा जीव वर घरातच राहील. मावशीचं मानधन, येण्याजाण्याचे पैसे आणि बोलायला आलेल्या प्रत्येकीच्या वेळेचा मोबदला हा या कामाचा खर्च आहे. तो अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा.

विचारायचं काय, हे त्याहून अवघड आहे. नायगावच्या एका खोलीत मी गेले होते. सासूबाईंना अर्धांगवायू झालेला, नाकात नळी. सून स्टुलावर बसून भाताची पेज गाळत होती. एकदा गाळणीतून, मग सुती फडक्यातून, कारण एखादं शीत राहिलं तरी नळी तुंबते. पेज कोमट झाली का ते तिनं मनगटावर थेंब टाकून पाहिलं, सासूबाईंच्या पाठीमागे दोन उशा लावल्या, सिरिंज वर धरली आणि पेज आपल्या वजनानं हळूहळू उतरू दिली. मी विचारलं, तुम्हाला कसली मदत झाली तर बरं होईल? ती म्हणाली, काही नाही हो, चाललंय. मग विचारलं, काल दिवसभरात घराबाहेर कधी पडलात? ती जरा थांबली आणि म्हणाली, कचरा टाकायला. तिथून पुढे अर्धा तास ती बोलत होती. दाढ दुखते, पण दाखवायला जाता येत नाही. नळी रात्री निघाली तर कोणाला बोलवायचं ते माहीत नाही. नणंद रविवारी येते, सूचना करून जाते. भावाच्या मुलीच्या लग्नाला फक्त अक्षता टाकून परत आली.

‘तुमच्या गरजा काय’ असं विचारलं की आपल्याकडच्या बाया ‘चाललंय’ म्हणतात. घरातलं बाहेर सांगायचं नाही ही शिकवण आहेच, शिवाय मागून काही मिळतं असा अनुभवही नाही. म्हणून कालच्या दिवसाबद्दल विचारा. रात्री किती वेळा उठलात, औषधं आणायला कोण गेलं, स्वतः शेवटचं डॉक्टरकडे कधी गेलात. त्या उत्तरांतून सेवेचा आराखडा आपोआप दिसायला लागतो. या एका सुनेच्या बोलण्यातून तीन गोष्टी निघाल्या: आठवड्यातून तीन तास बदली माणूस, रात्री फोन उचलणारी नर्स, आणि नाकातली नळी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी कशी सांभाळायची याचं घरच्यांना शिक्षण. यातली एकही गोष्ट सभेत पुढे आली नसती.

ज्येष्ठ आणि त्यांचं करणारं माणूस यांना वेगवेगळं विचारा, हे मी आग्रहानं सांगते. एका घरातली असली तरी त्यांना एकच गोष्ट हवी असते असं नाही. मुलगा म्हणतो, बाबांना सकाळी केंद्रात न्या, संध्याकाळी आणून सोडा. बाबा गिरणीत हयात घालवलेले. १९८२च्या संपानंतर मिळेल ते काम करून त्यांनी घर चालवलेलं. ते म्हणतात, मला केंद्रात नको, मला रोज अर्धा तास नाक्यावर न्या. नाक्यावरच्या चहाच्या टपरीशी त्यांचे खात्यातले दोन सोबती बसतात. जिन्यावरून हात धरून उतरवायला कोणी नाही, म्हणून यांचं जाणं बंद झालंय. दोघांचंही बरोबर आहे. मुलाला कामावर जायचंय आणि बाबांना माणसांत जायचंय. दोघांना समोरासमोर बसवून विचारलं असतं तर बाबा गप्प राहिले असते. मुलाच्या घरात राहणारा म्हातारा माणूस मुलासमोर ‘मला हे नको’ सहसा म्हणत नाही. म्हातारी तर सुनेसमोर चहा हवाय हेही सांगत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना विचारता येत नाही, असं म्हणून त्यांना वगळू नका. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना हा आजार आहे. तुमच्या भागातही अशी घरं आहेतच, फक्त ‘वय झालंय, विसरतात’ म्हणून ती नोंदवली जात नाहीत. या माणसांना लांबलचक प्रश्न झेपत नाही, पण दोन वस्तू समोर ठेवल्या तर ती निवड करतात. एका आजींसमोर आम्ही टाळ आणि लोकरीचा गुंडा ठेवला, त्यांनी टाळ उचलले आणि हरिपाठ सुरू केला. केंद्रात त्यांच्यासाठी काय हवं हे त्यांनीच सांगितलं. कुठल्या वेळी अस्वस्थ होतात, कुणाचा आवाज ऐकून शांत होतात, हे पाहणं म्हणजेही त्यांचं मत घेणं आहे. ते लिहून ठेवा, बाकीच्यांचं मत लिहिता तसंच.

चालत्याफिरत्या ज्येष्ठांशीही हॉलमध्ये बोलण्यापेक्षा रस्त्यावर बोला. पाच-सहा जणांना घ्या, त्यात वॉकरवाल्या एक आजी हव्यातच, आणि चाळीच्या दारापासून पालिकेच्या दवाखान्यापर्यंत त्यांच्या चालीनं चाला. कुठे थांबतात, कशाला धरतात, कुठे रस्ता ओलांडायला घाबरतात ते टिपा. आम्ही असं चाललो तेव्हा कळलं, की वाण्याच्या दुकानाबाहेरचं एक स्टूल हा त्या अख्ख्या रस्त्यावरचा एकमेव विसावा आहे, आणि वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृह नाही म्हणून आज्या दवाखान्याच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बायका! त्या दिवसापर्यंत आमच्या कागदावर योगवर्ग होता. त्यांनी मागितलं ते वेगळंच होतं: मोठ्या रुग्णालयात जायच्या दिवशी बरोबर येणारं माणूस. केस पेपरच्या रांगेत उभं राहायला, कुठल्या मजल्यावर रक्त द्यायचं ते शोधायला, डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवून घरी सुनेला सांगायला. मुंबईत मुलगा अशा कामासाठी अख्खा दिवस रजा घेतो आणि ज्याला पगारी रजा नाही तो घेऊच शकत नाही. ‘दवाखान्यात सोबत’ ही सेवा पुढे सगळ्यात जास्त वापरली गेली.

कागदपत्रांचंही असंच. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये ६५ वर्षांपुढच्या, वर्षाला २१ हजारांच्या आत उत्पन्न असलेल्यांना मिळतात. पण उत्पन्नाचा दाखला आणि हयातीचा दाखला यांसाठी कचेरीत जायचं कोणी? सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, पण आयुष्यभर भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेल्या बाईचं अंगठ्यानं आधार जुळत नाही. चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय आहे, ते सांगायला कोणीतरी हवं. तुमच्या आराखड्यात अशा कामांना जागा ठेवा.

आता खरा मुद्दा. मत विचारून झाल्यावर ठरवतं कोण? कार्यक्रम आधीच ठरवलाय आणि त्यावर ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारताय, हे म्हाताऱ्या माणसांच्या पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं. निवडणुकीच्या वेळी त्यांनी ते पुष्कळदा पाहिलेलं असतं. म्हणून काही निर्णय खरोखर मोकळे ठेवा आणि त्यांच्या हातात द्या. माझ्या मते तीन तरी: सेवेची वेळ, नेमणूक आणि निधीचा काही भाग.

निधीसाठी आम्ही चिंचोके वापरायचो. जमिनीवर कागद मांडायचे, प्रत्येकावर एका सेवेचं चित्र: बदली माणूस, दवाखान्यात सोबत, दिवसाचं केंद्र, वस्तूंची पेढी म्हणजे वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड भाड्यानं. प्रत्येकाला वीस चिंचोके. हवे तसे वाटा. अक्षर न येणारी बाईही यात मागे राहत नाही. वाटून झाल्यावर प्रत्येक चित्राखाली खरी किंमत सांगायची आणि पुन्हा वाटायला लावायचं. ही दुसरी फेरी टाळू नका. दिवसाच्या केंद्राला जागाभाडं, गाडी, दोन मावश्या लागतात हे कळल्यावर लोक स्वतःच म्हणतात, आधी बदली माणूस आणि वस्तूंची पेढी करा, केंद्र आठवड्यातून दोनच दिवस चालवा. काटकसरीची सवय त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे. फक्त खरे आकडे त्यांच्यासमोर ठेवायला हवेत.

नेमणुकीचं एक उदाहरण सांगते. घरभेटीच्या मावश्यांच्या मुलाखतीला आम्ही एका आजींना समितीत बसवलं होतं. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. प्रत्येक उमेदवाराला त्या एकच गोष्ट करायला सांगायच्या: मला या खुर्चीवरून उठव. अनुभवाची प्रमाणपत्रं आणलेल्या दोघींनी थेट काखेत हात घालून उचललं. एक मुलगी समोर आली, वाकून म्हणाली, आजी, उठायचं ना? कुठला पाय दुखतो? आजींनी तिलाच निवडलं. आमच्या प्रश्नपत्रिकेत ती कसोटी नव्हती.

पगारी काळजीवाहक बायकांचं मतही घ्या, हे बहुतेक संस्था विसरतात. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत बारा-बारा तासांच्या ड्यूटीवर येणाऱ्या या बायका मराठवाड्यातून, कोकणातून, विदर्भातून आलेल्या असतात. कोणत्या घरात बेडसोर का झाला, कुठल्या आजोबांना एकटं ठेवलं की ते रडतात, हे त्यांना पक्कं माहीत असतं. पण त्यांच्याशी मालकांच्या घरात बोलू नका, सुट्टीच्या दिवशी किंवा ड्यूटी बदलायच्या वेळेला बाहेर भेटा. त्यांच्या स्वतःच्या मागण्याही ऐका. जेवायला बसायची जागा, रात्रपाळीत पाठ टेकायला सतरंजी, रुग्ण दगावला तर त्या महिन्याचा पगार. हे नीट नसेल तर रुग्णाचंही नीट होत नाही.

ज्येष्ठ नागरिक संघांना मात्र दुखवू नका. त्यांच्याकडे विरंगुळा केंद्राची जागा आहे, यादी आहे, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात ओळख आहे, फेस्कॉमसारख्या महासंघाची ताकद मागे आहे. त्यांच्यातल्या चालत्याफिरत्या सभासदांना काम द्या: आपापल्या मजल्यावरच्या बाहेर न पडणाऱ्या एका घराशी दर आठवड्याला बोलायचं आणि त्यांचं म्हणणं समितीत मांडायचं. निवृत्त पोस्टमन, कारकून, शिक्षक हे काम मनापासून करतात. समितीत निम्म्या जागा करणाऱ्या बायकांना आणि ७५च्या पुढच्यांना ठेवा, आणि अध्यक्षपद वर्षावर्षानं फिरतं ठेवा. गुजराती, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं असतील तर त्यांची बैठक त्यांच्या भाषेत, त्यांच्यातल्याच कोणाकडून घ्या.

एका गोष्टीची तयारी आधीपासून ठेवा. वेगळं बोलायला लागलं की मारहाण, उपाशी ठेवणं, पेन्शन काढून घेणं अशा गोष्टी कानावर येतात. त्या गटात कधीही उघड करू नका आणि त्या माणसाच्या संमतीशिवाय पुढे पाऊल टाकू नका, जिवाला धोका असेल तो प्रसंग वेगळा. २००७च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठ व्यक्तीला स्वतः करणं शक्य नसेल आणि तिनं अधिकार दिला तर संस्थाही तिच्या वतीनं करू शकते. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवा. आणि करणाऱ्या बाईलाच गुन्हेगार ठरवायची घाई करू नका. सहा-सहा महिने पुरती झोप न मिळालेली बाई एखाद्या रात्री ओरडते, तिला आधी झोप मिळवून द्यायला हवी.

लोकांनी सांगितलेलं पुढे काय झालं, हे त्यांना कळलं पाहिजे. त्यासाठी अहवाल छापू नका. चाळीच्या दारातला फळा वापरा. पाणीकपात, सभा, कोणाचं निधन सगळं त्यावरच लिहिलेलं असतं, येताजाता प्रत्येक जण वाचतो. तुम्ही हे म्हणालात, आम्ही हे केलं, हे जमलं नाही आणि का जमलं नाही. ‘का जमलं नाही’ हे लिहायला कार्यकर्ते कचरतात. लिहा. रात्रीची नर्स परवडत नाही असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा एका निवृत्त परिचारिकेनं आठवड्यातल्या दोन रात्री फोन घ्यायचं स्वतःहून कबूल केलं. वर पडून असलेल्यांना हेच घरभेटीत वाचून दाखवा आणि घरी करणाऱ्या बायकांना व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवा. मजकूर टाइप करायला त्यांचे हात रिकामे नसतात.

तुमच्या भागात पुनर्विकास चालू आहे, त्याचा विचार आराखड्यात हवाच. ब्रिटिश काळात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींच्या मूळ २०७ इमारतींपैकी नायगावात ४२ होत्या. वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणं, मजल्यावरच्या सामायिक शौचालयाऐवजी घरात स्वतःचं, म्हाताऱ्या माणसांसाठी हे मोठं सुख आहे आणि ते त्यांचं हक्काचं आहे. पण चाळीत गॅलरीतून जाणारा शेजारी दिवसातून चार वेळा आत डोकावतो, एखादं दार सकाळी उघडलं नाही तर लगेच कळतं. टॉवरमध्ये दारं बंद असतात. म्हणून आत्ताच, जुन्या जागी असतानाच, कोण कोणाकडे डोकावतं याची मजल्यावार नोंद करा आणि नव्या इमारतीत कोण कुठे जाणार हे कळलं की त्या जोड्या पुन्हा बांधा. लिफ्ट बंद पडली तर डायलिसिसच्या माणसाला खाली कोण आणणार, तळमजल्यावर बसायला बाक कुठे हवेत, हे प्रश्न सोसायटीची समिती होताना मांडायचे. ते ज्येष्ठांनी स्वतः मांडले तर ऐकले जातात.

सुरुवात लहान ठेवा. दोन इमारती घ्या, बाहेर न पडणारी माणसं असलेली पंधरा-वीस घरं शोधा. आशा सेविका, आरोग्य स्वयंसेविका, औषधाचा दुकानदार आणि डायपर विकणारा यांना विचारलं की यादी होते. पहिले दोन महिने फक्त ऐका, मग चिंचोके, मग फळा. कंपनीच्या प्रतिनिधींना पहिल्या तिमाहीत सभांचे फोटो लागतील. त्यांना एका दुपारी अशा एखाद्या घरी न्या, अर्थात घरच्यांना विचारून आणि कॅमेरा खाली ठेवून. बदली माणसाच्या खर्चाची मंजुरी त्या भेटीनंतरच मागा, आणि ती लेखी घ्या.